एमएसचं (माइल्ड स्टील, म्हणजे साधं लोखंड) गेट, काम दणकट पण गंजाच्या बाबतीत नापास – ३ स्टार

दापोली तालुक्यात समुद्राजवळ घर आहे, तिथे दोन पाखांचं गेट आणि खिडक्यांची ग्रिलं एका लोकल फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतली होती. दुकानाचं नाव देत नाही, माणसं चांगली आहेत आणि आपल्या पट्ट्यातले बरेचसे जण असंच काम करतात.

आधी चांगलं सांगतो. माल खोटा नाही दिला. ४० बाय ४० मिमीचा सोळा गेजचा पाइप (गेज म्हणजे पत्र्याची जाडी, आकडा लहान तेवढा पत्रा जाड) ठरला होता आणि तोच आला. हे तपासायचं कसं तर वीस फुटी नग काट्यावर ठेवायचा, सोळा गेजचा साधारण साडेअकरा किलो भरतो आणि अठराचा जेमतेम नऊ. बरेच ठिकाणी सोळा सांगून अठरा लावतात आणि रंग मारल्यावर कोणाला कळणार. मधल्या सळया १० मिमी चौकोनी. साध्या एमएसचं यील्ड, म्हणजे ज्या ताणापुढे लोखंड परत मूळ मापावर येत नाही तो ताण, २५० मेगापास्कल धरतात, म्हणजे अशी एक सळई सरळ ओढली तर जवळजवळ अडीच टनापर्यंत कायमची ताणली जात नाही, आणि त्यापुढे पण लगेच तुटत नाही, लांबत जाते मग तुटते. चिऱ्याचा टेम्पो रिव्हर्स घेताना एका पाखाला ठोकला तेव्हा हे बघायला मिळालं, दोन सळया धनुष्यासारख्या वाकल्या पण टाका (वेल्डिंगचा जोड) कुठे सुटला नाही, मिस्त्रीने येऊन घणाने सरळ केल्या, पैसे पण नाही घेतले. बिडाचं नक्षीचं गेट असतं तर तुकडेच गोळा करावे लागले असते.

आता रडगाणं. खालची बिजागरी तुटली. कोणी धडकलं नाही, काही नाही, एक दिवस पाख खाली बसलं. मिस्त्री म्हणाला "काका, पोरं लटकली असतील". मी तुटलेला तुकडा उजेडात धरून बघितला. अर्ध्याहून जास्त भाग तपकिरी, गंजलेला, त्यावर ओहोटीला वाळूवर उठतात तशा वाकड्या रेघा, आणि उरलेली कड ताजी, करडी, खरबरीत. म्हणजे चीर आधीपासून हळूहळू सरकत होती, शेवटी जेवढं लोखंड उरलं तेवढ्यावर वजन पेललं नाही. त्याला फटीग म्हणतात. वाऱ्याने गेट रोज आपटतं, प्रत्येक आपट्याला ताण थोडाच पण हजारो वेळा. आणि चीर सुरू झालेली बरोबर वेल्डिंगच्या कडेला, जिथे रॉडने पट्टीत खाच पाडून ठेवली होती. कोरड्या हवेत एमएसला एका मर्यादेखालचा ताण कितीही वेळा दिला तरी चालतो, खाऱ्या हवेत ती मर्यादाच राहत नाही, त्यामुळे इथे टाका नीट घासून कड गुळगुळीत करणं हा काही लाड नाही. ग्राइंडर दुकानात होता, फिरवला नाही एवढंच.

रंगाचं तर विचारू नका. पट्टीवरची काळी साल (कारखान्यातूनच येणारा ऑक्साइडचा थर) तशीच, वेल्डिंगचा स्लॅग (टाक्यावर उरणारी खपली) पण काही ठिकाणी तसाच आणि त्यावर रेड ऑक्साइड प्रायमरचा एक हात, वर चकाचक ऑइलपेंट. पहिल्या पावसाळ्यानंतर पोपडे. गंमत म्हणजे पावसात भिजणारी बाजू बरी राहिली, जास्त खाल्लंय ते छपराखालच्या ग्रिलच्या आतल्या अंगाला, कारण तिथलं मीठ पावसाने धुतलंच जात नाही, बसून राहतं आणि हवेतला ओलावा धरून ठेवतं. पाइपांची खालची तोंडं उघडी ठेवलेली पण नाहीत आणि नीट बंद पण नाहीत, नुसते टिपके मारलेत, आत पाणी जातं पण बाहेर येत नाही, म्हणून पाइप आतून सडतो आणि बाहेरून रंग मस्त दिसतो. बोटाने दाबला तर एके ठिकाणी बोट आत गेलं हो! शिवाय कडी बसवलीय स्टेनलेसच्या स्क्रूंनी, दोघांत पाणी आलं की स्टेनलेस तसंच आणि भोवतीचं लोखंड खलास.

समुद्राजवळ घर असेल तर सरळ हॉट डिप गॅल्वनाइझ करून घ्या. वितळलेल्या जस्तात, साधारण ४५० डिग्रीला बुडवतात, नंतर ओरखडा गेला तरी आधी जस्त गंजतं, लोखंड वाचतं. फक्त पाइपांना आधीच भोकं ठेवायला सांगा, आत ओल अडकली तर त्या उष्णतेत वाफ होऊन पाइप फुटू शकतो. ते जमत नसेल तर साल घासून काढून झिंकवाला इपॉक्सी प्रायमर तरी. आणि पावसाळी हवेत रंग मारू देऊ नका, कितीही घाई असली तरी.

तीन स्टार देतोय ते वेळेत काम आणि खऱ्या मापाच्या मालासाठी. बिजागरी त्याने फुकट बदलून दिली, या वेळी जाड पट्टी लावून आणि टाका घासून. जिन्याचं रेलिंग पण त्यालाच देतोय, पण गॅल्वनाइझिंगला बाहेर पाठवायच्या अटीवर. टेम्पोचं भाडं कोणी द्यायचं यावर सध्या अडलंय.