लंडनच्या ज्यू शाळेची अॅडमिशन प्रोसेस, आमचा अनुभव (५ पैकी ३ स्टार)

तीन स्टार देतेय आणि का ते जरा सविस्तर लिहिते, कारण गेल्या वर्षी मी स्वतः मराठीत असं काहीतरी शोधत होते आणि एक ओळसुद्धा सापडली नव्हती. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मूळ अलिबागकडचे, माझं माहेर ठाण्याचं, आता राहतो उत्तर-पश्चिम लंडनमध्ये. लेकीला इयर सेव्हनला, म्हणजे सेकंडरीच्या पहिल्या वर्षाला, ज्यू शाळेत घालायचं होतं. सरकारी खर्चाने चालणारी शाळा, फी नाही, त्यामुळे गर्दी प्रचंड. शाळेचं नाव देत नाही, कारण माझी तक्रार शाळेवर कमी आणि फॉर्मवर जास्त आहे.

आधी चांगलं सांगते. ऑफिसमधल्या बाई फार प्रेमळ, तीनदा फोन केला तिन्ही वेळा नीट समजावून सांगितलं, एकदा तर स्वतःहून परत फोन केला. ओपन इव्हिनिंग छान होती, मुलांनीच शाळा फिरवून दाखवली. काउन्सिलचा फॉर्म ३१ ऑक्टोबरपर्यंत ऑनलाइन भरायचा, तो सोपा आहे. शाळेचा स्वतःचा वेगळा फॉर्म असतो, खरी धावपळ तिथे.

मी काय केलं होतं, तर आजीचा केतुबा, म्हणजे लग्नाचा करार, स्कॅन करून ठेवला होता. ठाण्याच्या शारे हशामायिम सिनेगॉगमधून, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिरातून, पत्र मागवलं होतं, आणि ज्यूपण आईकडून येतं असं मानतात म्हणून आईच्या आईपर्यंतची सगळी नावं लिहून काढली होती. आणि फॉर्म उघडला तर त्यात आई कोण, आजी कोण, काहीच विचारलेलं नाही! विचारलंय काय, तर मूल अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत सिनेगॉगला किती वेळा आलं, ज्यू शिक्षण घेतलंय का, समाजासाठी काही सेवा केली का. त्याचे पॉइंट. रबायची, म्हणजे धर्मगुरूची, सही. ठाण्याचं पत्र चालणार नाही म्हणाले, कारण ते त्या तारखांमधलं नाही.

हे असं का, ते मी मग वाचून काढलं, आणि वाचायलाच हवं असं प्रकरण आहे. जेएफएस म्हणून लंडनची जुनी ज्यू शाळा, १७३२ सालची, आता केंटनला आहे. जागा कमी पडल्या की चीफ रबायच्या ऑफिसने ज्यू मानलेल्या मुलांना आधी घ्यायचं असा तिचा नियम होता, म्हणजे आई जन्माने ज्यू किंवा ऑर्थोडॉक्स, म्हणजे कर्मठ परंपरेच्या, पद्धतीने धर्म स्वीकारलेली पाहिजे. एका मुलाचे वडील जन्माने ज्यू, आई मूळची इटालियन कॅथलिक, तिने रीतसर ज्यू धर्म स्वीकारलेला पण ऑर्थोडॉक्स सिनेगॉगमध्ये नाही. पोरगा सिनेगॉगला जायचा, सगळं पाळायचा, तरी त्या यादीत बसेना. उलट ज्याच्या घरी देवाचं नावही कोणी घेत नाही पण आई त्या नियमात बसते, त्याला प्राधान्य. वडील कोर्टात गेले. हायकोर्टात हरले, अपिलात जिंकले, आणि १६ डिसेंबर २००९ ला सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ असा निकाल दिला की आईच्या वंशावरून निवड म्हणजे १९७६ च्या रेस रिलेशन्स कायद्याखाली थेट भेदभाव. धर्मावरून निवड करायला धार्मिक शाळांना मुभा आहे, वंशावरून नाही. कोर्टाचे अध्यक्ष लॉर्ड फिलिप्स यांनी हेही स्पष्ट लिहिलं की शाळेवर नैतिक ठपका ठेवायचा त्यांचा हेतू नाही. यात आधार होता १९८३ च्या एका निकालाचा, तो एका शीख मुलाच्या पगडीचा. एका शीख पोराच्या पगडीवरून ठरलेली वंशाची व्याख्या पुढे ज्यू शाळेला लागू झाली, हे वाचून मी कितीतरी वेळ तशीच बसले होते.

तेव्हापासून वंश बंद आणि हजेरी सुरू. निकाल मला पटतो, मनापासून पटतो, कारण वंश तपासणं म्हणजे काय ते आमच्या लोकांनी भोगलंय. १९६२ मध्ये इस्राएलच्या मुख्य रबायांनी फर्मान काढलं की बेने इस्राएल माणसाचं इतर ज्यूंशी लग्न लावायच्या आधी त्याच्या मागच्या पिढ्या जमतील तितक्या तपासा. आपलं गाव, आपली माणसं सोडून तिकडे गेलेल्यांना हे ऐकावं लागलं. लोक रस्त्यावर उतरले, जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले, तेव्हा कुठे १९६४ मध्ये संसदेने सांगितलं की हे पूर्ण ज्यू आहेत. माझे एक आजोळचे आजोबा हा विषय निघाला की जेवणावरून उठून जायचे.

पण हजेरीचं काय? आमचे पूर्वज कोकणात तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. त्यांच्याकडे रबाय नव्हता, पुस्तकं नव्हती, सिनेगॉगही नव्हतं, मुंबईत पहिलं झालं ते १७९६ मध्ये. होतं काय, तर शेमा ही प्रार्थना, सुंता, शब्बाथ म्हणजे शनिवारचा विसावा, खाण्यापिण्याचे नियम. शेकडो वर्षं एवढ्यावर टिकले ते. हा फॉर्म त्यांना दिला असता तर सिनेगॉगच्या रकान्यात शून्य आलं असतं. आजही आम्ही घरी मलिदा करतो, म्हणजे पोहे, खोबरं, फळं ठेवून एलियाहू हन्नबीची, प्रेषित एलियाची, प्रार्थना, लेकीला ती पाठ आहे, पण या फॉर्ममध्ये ते लिहायला जागाच नाही. एवढीच मागणी आहे माझी, घरी काय पाळता यासाठी चार ओळी ठेवा.

हजेरी घेतात ती पण सांगते. शब्बाथला लिहायचं नसतं, त्यामुळे नाव छापलेलं कार्ड बॉक्समध्ये टाकायचं. जानेवारीतली गोष्ट, अजून तारखा संपायच्या होत्या आणि आमचं एक कार्ड कमी होतं. लेकीला ताप, शनिवार सकाळ, पांघरुणातून म्हणते, मम्मी आज नाही गेलो तर माझा पॉइंट जाईल का गं? मी तिला घरीच ठेवलं. तिथे बसून दोघींनी शेमा म्हटला. दहा वर्षांच्या पोरीला सिनेगॉगला जायचं तर पॉइंट आठवावा, याचं मला फार वाईट वाटलं आणि अजून वाटतं, एक स्टार पूर्ण त्याचा कापलाय. दुसरा कापला तारखांच्या गोंधळाचा, वेबसाइटवर एक आणि फॉर्मवर दुसरी तारीख होती.

१ मार्चला ऑफर आली, मिळाली शाळा, लेक सप्टेंबरपासून जातेय आणि खूश आहे.

भारतातून नुकतं आलेल्यांसाठी: इयर फाइव्ह संपायच्या आतच जवळच्या सिनेगॉगमध्ये जाऊन रबायना भेटा, कार्ड कधीपासून मोजतात ते प्रत्येक शाळेला वेगळं विचारा, ईमेलवरच विचारा म्हणजे लेखी राहतं. आजीचे कागद फॉर्मला लागत नाहीत, पण स्कॅन करून ठेवा, आमच्या लेकीने तो केतुबा पहिल्यांदा यानिमित्तानेच बघितला आणि त्यावरचं मराठी तिने अक्षर अक्षर लावत वाचलं.