जोसमचं वळणबंदी प्लगइन: काही महिने वापरल्यानंतर

साध्या तिठ्यावरची वळणबंदी (या रस्त्यावरून त्या रस्त्यावर वळायचं नाही, ही नोंद) ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशावर टाकायला जोसम हा संगणकावरचा नकाशा-संपादक उघडायची गरजच नाही. ब्राउझरमधल्या आयडी एडिटरमध्ये चौकाचा बिंदू निवडायचा, येणारा रस्ता निवडायचा, बाणावर टिचकी मारायची, झालं. जोसमला जोडायच्या या प्लगइनचा खरा उपयोग दोन्ही रस्त्यांना दुभाजक असलेल्या चौकात.

असा चौक नकाशात चार बिंदूंचा असतो. दक्षिणेकडून उत्तरेला जाणारी गाडी आधी पश्चिमेला जाणारी बाजू ओलांडते, मग पूर्वेला जाणारी. पाटीवर 'फक्त सरळ' आहे म्हणून पहिल्या बिंदूवर 'ओन्ली स्ट्रेट ऑन' टाकलं, तर बंदी तिथेच संपते आणि पुढच्या बिंदूवर मार्गशोधक (नकाशावरून वाट सुचवणारा प्रोग्राम) खुशाल उजवीकडे वळवतो. बरं, दुसऱ्या बिंदूवर 'नो राइट टर्न' टाकावं, तर पूर्वेकडून येऊन यू-टर्न घेणाऱ्यांचीही वाट बंद होते, कारण तेही चौकातल्या या दोन बिंदूंमधल्या त्याच तुकड्यावरून फिरतात. तिथे यू-टर्नला मुभा असेल, तर बंदीत 'फ्रॉम' (कुठून) म्हणून चौकाबाहेरचा येणारा रस्ता, 'व्हाया' (कशावरून) म्हणून बिंदूऐवजी आतला तुकडा आणि 'टू' (कुठे) म्हणून पूर्वेला जाणारा तुकडा द्यायचा. काही जुने मार्गशोधक अशी बंदी वाचत नाहीत, तेवढं सोसावं लागतं.

बंदी टाकण्याआधी 'पी' दाबून रस्ते बिंदूंवर तोडून घ्या. 'फ्रॉम' रस्ता 'व्हाया'पाशी संपला नाही, तर शिफ्ट-व्हीची तपासणी लगेच बोट ठेवते. तोडताना जोसम जुन्या बंद्या बऱ्यापैकी सांभाळतो. घोळ होतो तो 'सी'ने जोडताना. एकाच नावाचे दोन तुकडे दिसले की कुणीतरी सफाई म्हणून ते जोडतो, समोर आलेली खिडकी न वाचता पुढे जातो आणि 'फ्रॉम' चौकातून आरपार जातो. बंदी यादीत दिसते, पण चालत नाही.

एकमार्गी रस्त्यात उलटं शिरू नये म्हणून टाकलेल्या बंद्या तर निव्वळ कचरा. पुण्यातल्या जंगली महाराज रस्त्यासारखा रस्ता 'वनवे' केला आणि रेषेची दिशा बरोबर असली की पुरे. तसंच उड्डाणपूल आणि खालचा रस्ता यांचा बिंदू चुकून एक झाला असेल, तर बंद्या टाकत बसू नका, बिंदू वेगळे करा. नाहीतर ॲप गाडीला पुलावरून उडी मारायला सांगेल!

वेळेची बंदी हा प्लगइनचा कच्चा दुवा. बस किंवा सायकलला सूट देणं सोपं आहे, पण 'सोमवार ते शुक्रवार, 8 ते 11' ही अट टॅगमध्ये (बंदीला जोडलेल्या माहितीच्या नोंदीत) हाताने लिहावी लागते. फक्त ट्रकसाठीची बंदीही वेगळ्या टॅगने येते.

अपलोड केल्यावर लगेच तपासू नका, मार्गशोधकांपर्यंत बदल पोचायला वेळ लागतो. मग ओपनस्ट्रीटमॅपच्या साइटवर ओएसआरएम, ग्राफहॉपर आणि वल्हाला या तिन्ही मार्गशोधकांना तोच मार्ग विचारा. एकच चुकला तर 'व्हाया' तुकड्याचा संशय घ्या. तिघंही चुकले, तर बंदीतले 'फ्रॉम' आणि 'टू' पुन्हा बघा.