नॅचरल लॉग (e हा पाया असलेला लॉगॅरिदम) काढण्यासाठी मर्केटरची श्रेणी घ्यावी की ग्रेगरीची?

एका छोट्या मायक्रोकंट्रोलरवर (यंत्रांत बसवायच्या इवल्याशा संगणक-चिपवर) लॉगचं तयार फंक्शन बसवायला जागा नव्हती, तेव्हा ही निवड मला करावी लागली. लॉग(१+क्ष) ची श्रेणी, म्हणजे क्ष − क्ष²/२ + क्ष³/३ − … अशी पदांची बेरीज, गणिती निकोलस मर्केटरने १६६८ मध्ये प्रसिद्ध केली. (१+क्ष)/(१−क्ष) च्या लॉगची, फक्त विषम घातांची श्रेणी, म्हणजे २(क्ष + क्ष³/३ + क्ष⁵/५ + …), त्याच वर्षीची, गणिती जेम्स ग्रेगरीची.

२ चा लॉग ०.६९३१४७. मर्केटरमध्ये क्ष = १ घेऊन १०० पदांनंतर ०.६८८ हाती येतं, तर ग्रेगरीत क्ष = १/३ घेऊन (तेव्हा (१+क्ष)/(१−क्ष) = २) पाच पदांतच ०.६९३१४६. अर्थात ही तुलना मर्केटरवर थोडी अन्याय करते. १/२ चा लॉग काढून चिन्ह बदललं तर त्याचीही दहा पदं ०.६९३०६ देतात. आणि १.०१ सारखी, एकच्या अगदी जवळची संख्या असेल तर तीन पदांत आठ दशांश स्थळं मिळतात, तीही क्ष साठी वेगळा भागाकार न करता. दरमहा व्याजाचे हिशेब करणाऱ्याला बहुधा तेवढं पुरेल.

मला मर्केटरची श्रेणी सोडावी लागली ती 'कुठे थांबायचं' या प्रश्नामुळे. पद पुरेसं लहान झालं की थांब, असं मी प्रोग्रॅमला सांगितलं होतं. १००० चा लॉग म्हणजे उणे लॉग(१−०.९९९). त्यात हजारावं पद ०.०००३७ इतकं बारीक होतं, पण तोवरची बेरीज ६.६९ आणि खरं उत्तर ६.९१. उरलेल्या चिमुकल्या पदांत मिळून ०.२२ दडलेलं! प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात माझ्या दोन संध्याकाळी गेल्या, आणि प्रोग्रॅममध्ये चूक नव्हतीच.

१००० थेट घातला तर ग्रेगरीचीही पदं संथच उतरतात, हे मान्य. म्हणून आधी २ चे घात बाजूला काढायचे. १००० ला १०२४ ने भागलं की क्ष = −३/२५३ उरतो. मग दोन पदं आणि २ च्या लॉगची दहापट एवढ्यात नऊ दशांश स्थळं जमतात. त्याच उरलेल्या भागाला मर्केटरची पाच पदं लागतात.

माझ्या दृष्टीने त्याहून मोलाचं वेगळंच आहे. संख्या १/२ ते २ मध्ये आणली की ग्रेगरीचं प्रत्येक पद आधीच्याच्या नवव्या भागाहून मोठं नसतं, त्यामुळे पुढची सगळी पदं मिळूनही शेवटच्या पदाच्या आठव्या भागापलीकडे जात नाहीत. लहान पद दिसलं की निर्धास्त थांबता येतं. त्यासाठी एक भागाकार जास्त पडतो, तो मी आनंदाने करतो.