होडीच्या नावाखाली १,१५,००० रुपयांची फसवणूक

नाथसागर, येलदरी, माजलगाव किंवा मराठवाड्यातील कोणत्याही जलाशयात मासेमारी करणाऱ्या ज्या बांधवांना उथळ पाण्यात चालणारी, सपाट तळाची होडी बांधून घ्यायची आहे, त्यांनी कोणालाही एक रुपया देण्यापूर्वी हे वाचावे. माझे १,१५,००० रुपये गेले आहेत. त्यातील काही रक्कम पतसंस्थेच्या कर्जाची होती आणि त्याचे हप्ते मी आजही भरतो आहे.

होडीची गरज ही हौस नव्हती. नाथसागराचा काठ मंद उताराने दूरवर पसरत जातो. पाणी ओसरू लागले की गुडघाभर पाण्याखाली बाभळीचे खुंट आणि जुने बांध असतात, आणि जड लोखंडी होडी तेथे रुतते. त्यामुळे आमच्याकडे आजही अनेक जण थर्माकोलच्या तराफ्यावर नाहीतर ट्यूबवर बसून जाळे टाकतात, आणि वारा सुटला म्हणजे जीव मुठीत धरून परततात. हलकी आणि तरीही स्थिर होडी मिळावी, एवढीच माझी इच्छा होती. व्हिडिओमध्ये स्वतः होडी वल्हवून दाखवणारा, समुद्रकिनाऱ्यावर काम केल्याचे सांगणारा माणूस छत्रपती संभाजीनगरच्या बाहेर शेड टाकून बसला आहे म्हटल्यावर मी त्याच्याकडे गेलो, यात वावगे काय होते?

त्याने पैसे कसे घेतले ते सांगतो. आराखड्याचे ९,५०० रुपये, बांधकामाची उचल ४८,००० रुपये, ‘मरीन प्लाय आणि इपॉक्सी’, म्हणजे पाण्यात टिकणारे प्लायवूड आणि त्यावरचे चिकट रसायन (रेझिन), यांसाठी आणखी ३६,००० रुपये, अनुदानाच्या फाईलचे १४,००० रुपये आणि होडी गावापर्यंत आणण्याचे ७,५०० रुपये. पावती एकाही रकमेची नाही. “दादा, तुमची फाईल मंजूर झाली की जीएसटीचे पक्के बिल एकदमच देतो,” असे तो प्रत्येक वेळी म्हणत असे.

आराखड्यातच खोटेपणा उघड होता. चौदा फूट लांब आणि चार फूट रुंद तळाची होडी, तिच्यावर होडीचे वजन धरून एकूण ६०० किलो भार, आणि तरीही ती पाण्यात फक्त तीन इंच बुडेल, असे त्यात लिहिले होते. दोन्ही टोकांचे निमुळतेपण आणि उचललेला भाग वजा केला, तर अशा तळाचे पाण्याला टेकणारे क्षेत्र सुमारे चार चौरस मीटर भरते. होडी जितके पाणी बाजूला सारते तितकेच वजन ती पेलते. म्हणजे प्रत्येक सेंटिमीटरला सुमारे ४० किलो, आणि तीन इंचांना जेमतेम ३०० किलो. राहिलेले ३०० किलो कोणी उचलायचे? हा हिशेब मला पुढे एका निवृत्त शिक्षकांनी पाच मिनिटांत करून दाखवला. आराखडा काढून देणारा म्हणवतो त्याने तो आधी करायचा असतो, गिऱ्हाइकाने नव्हे. तरीही तुम्ही तो करा. वजन न सांगता कोणी नुसते ‘इतक्या इंचांत चालते’ म्हणत असेल, तर तेथून उठा.

मात्र जो क्षण मला अजूनही झोपू देत नाही, तो शेडमधला आहे. शीट कापण्याचे काम चालू होते आणि वीतभर लांबीचा एक तुकडा माझ्या पायाशी पडला. मी तो उचलून कडेने पाहिला, तर थरांमध्ये पोकळ्या दिसत होत्या, आणि एका जागी तर नखही आत जात होते. “हा कशाचा?” असे मी विचारल्याबरोबर त्याने तो माझ्या हातातून घेतला, “साच्याचा आहे दादा, होडीचा माल वेगळा,” असे म्हणत भंगारात फेकला आणि आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का असलेली एक शीट समोर आणून ठेवली. शिक्का असलेली ती एकच शीट होती. तो तुकडा खिशात घालून घरी आणला असता आणि चुलीवर पातेल्यात उकळत ठेवला असता, तर सर्व काही त्याच रात्री कळले असते. मरीन प्लाय ७२ तास उकळूनही थर सोडत नाही, त्या मानकाची चाचणीच तशी आहे. पण समोर भारतीय मानकाचा शिक्का दाखवला जात असताना सामान्य माणसाने त्यावर विश्वास ठेवायचा नाही, तर कशावर ठेवायचा?

वासाचेही तेच झाले. शेडमध्ये डोळ्यांना झोंबणारा उग्र वास होता. तो पॉलिएस्टर रेझिनचा असतो, आणि ते लाकडाला इपॉक्सीसारखे धरून राहत नाही, हे मला तेव्हा कोण सांगणार होते? इपॉक्सी दोन डब्यांतून ठरलेल्या प्रमाणात मोजून कालवतात. समोर मोजमाप होत नसेल आणि रेझिनमध्ये ते घट्ट करणारे औषध केवळ थोडेसे टाकून ढवळले जात असेल, तर काम तेथेच थांबवायला सांगा.

पहिल्या पावसाळ्यानंतर तळावर रेझिनने चढवलेला फायबरचा थर पापुद्र्यासारखा सुटला आणि खालचा प्लाय फुगून उकलला. पुढची-मागची हवाबंद खण उघडली, तर आत टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल कोंबलेला होता आणि खणांत पाणी साचले होते. माझा धाकटा भाऊ या होडीतून खोल पाण्यात गेला होता. हा केवळ पैशांचा प्रश्न नाही.

अनुदानाचे १४,००० रुपयेही असेच गेले. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान असते; त्याने टक्केवारी बरोबर सांगितली, म्हणूनच बाकीचे खोटे खपले. मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी केली तेव्हा माझ्या नावाचा अर्जच नव्हता. “आमचा कोणीही एजंट नाही,” एवढे बोलून तेथील साहेबांनी विषय संपवला. कार्यालयाच्या नावाने पैसे गोळा होत आहेत, याची त्यांना काहीच पर्वा वाटली नाही.

पोलीस ठाण्यात तर माझ्यावरच प्रश्नांची सरबत्ती झाली. पावती का घेतली नाही, करार का केला नाही, होडी मिळाली आहे ना, मग फसवणूक कसली. ही दिवाणी बाब आहे, वकील करा. अर्जाची पोचसुद्धा मागून मागून मिळाली. शिक्क्याची एक शीट दाखवून माल बदलणे आणि न केलेल्या अर्जाचे पैसे घेणे ही दिवाणी बाब कशी होते? भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणूक हा गुन्हा आहे, आणि ठाण्याने नोंद नाकारली तर तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते, ही माहिती मला ठाण्यात कोणीही दिली नाही. ती एका वकिलाच्या कारकुनाने चहाच्या टपरीवर दिली. ज्यांना त्यासाठी पगार मिळतो ते गप्प बसतात आणि नागरिकाने टपरीवर कायदा शिकायचा, ही कसली व्यवस्था?

पुढे एका सल्ला केंद्रात सांगण्यात आले की होडी धंद्यासाठी घेतल्यामुळे मी ग्राहक ठरत नाही. हेही चुकीचे आहे. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूची मानली जात नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. ती हेलपाट्यांत घालवू नका.

माझी तक्रार आता जिल्हा आयोगापुढे आहे. होडी मी मोडलेली नाही आणि दुरुस्तही केलेली नाही, कारण तपासणी होईपर्यंत तोच पुरावा आहे. त्या माणसाने त्याचे व्हिडिओ काढून टाकायला सुरुवात केली आहे. ज्यांनी अशाच प्रकारे पैसे दिले आहेत त्यांनी व्हिडिओ, संभाषणे आणि बँकेचे उतारे आजच जतन करून स्वतंत्र लेखी तक्रार द्यावी, आणि ज्यांचे काम त्याच्या शेडमध्ये अजून अर्धवट आहे त्यांनी पुढचा हप्ता देण्यापूर्वी प्लायचा एक तुकडा स्वतःच्या हाताने कापून घरी न्यावा.