पासपोर्टची फाईल ‘हलवून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी हे वाचा

माझा धाकटा भाऊ दुबईत एसी दुरुस्तीचं काम करतो. मी तासगाव तालुक्यात दिलेली, आमची द्राक्षबाग आहे. गेल्या ऑक्टोबरात भावाच्या पासपोर्टच्या नूतनीकरणापायी एका माणसानं माझ्याकडून १८,५०० रुपये नेले. बेदाण्याचे आलेले पैसे होते, छाटणीनंतरच्या औषधाला बाजूला ठेवलेले. याहून मोठं नुकसान होता होता राहिलं. सांगली-साताऱ्याकडची पोरं आखातात आहेत, त्यांची कागदपत्रं इकडं आई-बाप, बहिणी आणि बायका सांभाळतात. त्यांच्यासाठी हे लिहितेय.

भावाचा पासपोर्ट मार्चमध्ये संपणार होता. व्हिसा वाढवायचा तर पासपोर्टला निदान सहा महिने शिल्लक पाहिजेत, असं कंपनीनं सांगितलं, म्हणून तो ऑगस्टमध्येच अर्ज घेऊन गेला. तिकडं अर्ज घ्यायचं काम खासगी केंद्रांकडे दिलेलं असतं. पहिल्या खेपेला फोटो चुकीचा म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला बायकोचं नाव चढवायचंय तर लग्नाचा दाखला आणा म्हणाले. तो मी ग्रामसेवकांकडून नमुना ई मध्ये काढून पाठवला. प्रत्येक खेपेला त्याचा एक खाडा पडला. तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला, पण खिडकीवरची बाई सगळ्या रांगेसमोर म्हणाली, “फॉर्म वाचता येत नाही तर येता कशाला?” आयटीआय झालेलं, आठ वर्षं परदेशात इमानानं राबणारं पोरगं. फोनवर सांगताना त्याचा आवाज बसला होता.

सप्टेंबर गेला. स्टेटस बघितलं की रोज तेच दिसायचं, पडताळणी बाकी आहे. केंद्रात विचारलं तर “भारतातून उत्तर आलं नाही” एवढंच. व्हिसा संपून सवलतीचे दिवसही गेले की दिवसाला ५० दिरहम दंड बसतो, हे त्याच्या डोक्यात सारखं घोळत होतं. रात्री-अपरात्री त्याचा फोन यायचा, “आक्का, तू जरा सांगलीत बघतीस का?”

म्हणून मी सांगलीला एका सरकारी कार्यालयात गेले. दोन तास बाकावर बसवून ठेवलं. नंबर आल्यावर टेबलावरच्या साहेबांनी कागदाला हातसुद्धा लावला नाही. “दुबईचं काम दुबईत विचारा. इथं गर्दी करू नका.” मी म्हटलं, साहेब, तिकडचे म्हणतात इकडं अडकलंय. ते म्हणाले, “मग मी काय करू? पुढचा कोण?” डोळ्यांत पाणी आलं ते पुसतच बाहेर पडले.

नेमक्या त्याच वेळी तो माणूस भेटला. हे मुद्दाम सांगतेय. तो काही बंगला-गाडीची लालूच दाखवत आला नव्हता. समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभा होता. साधा पांढरा शर्ट, हातात फायलींची पिशवी. म्हणाला, “ताई, आधी बसा. पाणी घ्या. काय म्हणाले साहेब?” दिवसभरात माझं पूर्ण ऐकून घेणारा तो पहिला माणूस. भावाचं नाव, अर्जाची तारीख, सगळं वहीत लिहून घेतलं. “पुण्याच्या पासपोर्ट ऑफिसात आपला माणूस आहे. फाईल दाबून ठेवलीय, ती हलवून देतो. तुम्ही आता घरी जा, जेवा.” त्या “जेवा” शब्दावर माझा विश्वास बसला.

११,००० रुपये मी तिथंच मोबाईलवरून पाठवले. पैसे गेले त्या खात्यावर नाव एका बाईचं होतं. विचारलं तर म्हणाला, मिसेसचं खातं. भावाच्या जुन्या पासपोर्टची आणि आधारकार्डाची झेरॉक्स ठेवून घेतली. चार दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक छापील कागद आला. वर तीन सिंहांची मुद्रा, मध्ये भावाचं नाव, खाली मोठा नंबर. “तत्काळमध्ये फाईल घेतली, आता उरलेले ७,५०० टाका.” मी टाकले.

तो कागद आता माझ्यासमोर आहे. सिंहांच्या खाली ‘सत्यमेव जयते’ नाहीच. पहिल्या दिवशी मी तो दहा वेळा बघितला, पण नजर फक्त भावाच्या नावावर जात होती. आणि तो नंबर फाईल नंबर नव्हताच. वेबसाईटवर कुणीही घरी बसून फॉर्म भरून सबमिट केला की लगेच एक अर्ज क्रमांक मिळतो, त्याला एआरएन म्हणतात. त्याला एक पैसा लागत नाही. खरा फाईल नंबर खिडकीवर कागद तपासून अर्ज दाखल करून घेतल्यावरच मिळतो, आणि फाईल नंबर व जन्मतारीख टाकूनच स्टेटस कळतं. त्यानं माझ्या भावाच्या नावानं एक नवाच फॉर्म भरून त्याचा एआरएन मला विकला होता.

पैशाचं म्हणाल तर भारतात ३६ पानी पासपोर्टची सरकारी फी १,५०० रुपये आहे, तत्काळला वरचे २,००० लागतात. ही फी सरकारी वेबसाईटवरच भरायची. तिचा पत्ता जीओव्ही डॉट इनवर संपतो, आणि दिसायला तशाच असणाऱ्या खोट्या वेबसाईटही आहेत. परदेशातल्या अर्जाची फी तिकडंच भरलेली असते. तिकडं दाखल केलेली फाईल इकडं कुणी ‘तत्काळमध्ये घेतो’ म्हणाला तर तिथंच उठून या.

दोन दिवसांनी त्याचा पुन्हा फोन. आता १२,००० पाहिजेत, आणि सोबत भावानं स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायचं की जुना पासपोर्ट हरवला. “हरवला म्हटलं की नवीन लगेच देतात, ताई. नुसती फॉर्म्यालिटी.” मी तेही करायला निघाले होते. मजकूर भावाला पाठवला. त्यानं दुपारच्या सुट्टीत फोन केला. मागं ड्रिलचा आवाज चालला होता. म्हणाला, “आक्का, पासपोर्ट माझ्या पेटीत हाय. हरवला असं कसं लिहून देऊ?”

त्या एका वाक्यानं मी भानावर आले. संध्याकाळी पुतण्याला बोलावलं, त्यानं सगळं तपासलं. पासपोर्ट हरवला अशी नोंद झाली की तो रद्द होतो, मग तो तुमच्या हातात असला तरी चालत नाही. भाऊ परदेशात बिनकागदाचा झाला असता. शिवाय पासपोर्टसाठी खोटी माहिती देणं हा पासपोर्ट कायदा १९६७ च्या कलम १२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि ती कैद सही करणाऱ्यालाही होऊ शकते.

त्याच रात्री सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईनवर फोन लावला. दोन्ही व्यवहारांचे नंबर दिले, सायबर क्राईमच्या वेबसाईटवर तक्रार नोंदवली. दुसरा हप्ता ताजा होता म्हणून ते ७,५०० समोरच्या खात्यात थांबवून ठेवलेत असं कळलं. ११,००० मात्र तोवर पुढं निघून गेले होते. थांबवलेले पैसे परत मिळवायचा अर्ज अजून चालू आहे. लाजेनं आठवडाभर गप्प बसले असते तर तेही राहिले नसते. भावाच्या आधारचं बायोमेट्रिकही लॉक करून टाकलं.

मग खरं अडलं होतं कुठं? पुतण्याच्या सांगण्यावरून भावानं परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार टाकली. २०१५ पासून हे पोर्टल परदेशातल्या भारतीयांसाठी चालू आहे, आणि आम्हाला कुणीही, ना तिकडच्या खिडकीनं ना इकडच्या टेबलानं, त्याचं नाव सांगितलं नव्हतं. सहाव्या दिवशी उत्तर आलं की पोलिसांचा अहवाल अर्जदाराच्या विरोधात गेलाय, पत्त्यावर कुणी आढळलं नाही.

पासपोर्टवर पत्ता माहेरच्या घराचा. वडील गेल्यापासून त्या घराला कुलूप आहे. भावजय मुलाच्या शाळेसाठी विट्याला खोली घेऊन राहते. हवालदार येऊन कुलूप बघून गेले होते, एवढीच गोष्ट. दोन महिने आमच्या जिवाला घोर लावणारी गोष्ट ही एवढी होती, आणि ती एका वाक्यात सांगता आली असती.

मी पोलिस ठाण्यात गोपनीय विभागात गेले. वडिलांच्या नावचं लाईट बिल, रेशनकार्ड, भावाच्या व्हिसाची प्रत नेली. तिथले हवालदार भले निघाले. शेजारच्या तात्यांचा आणि काकूंचा जबाब घेतला, हा मुलगा इथलाच, नोकरीला बाहेर आहे. मी पाकीट काढायला लागले तर म्हणाले, “ताई, याला पैसे नसतात.” खरंच नसतात. पडताळणीसाठी अर्जदारानं पोलिसांना काहीही द्यायचं नसतं. तीन आठवड्यांत भावाच्या हातात नवा पासपोर्ट पडला, दंड बसायच्या आत.

सांगलीतल्या त्या झेरॉक्सवाल्याला मी जाऊन विचारलं. म्हणाला, तो माणूस ओळखीचा नाही, रोज कुणी ना कुणी उभं असतं. गेल्या महिन्यात कामाला गेले तर तिथं दुसराच एक जण फायलींची पिशवी घेऊन उभा होता, आणि एक म्हातारे गृहस्थ मान खाली घालून त्याला काहीतरी सांगत होते. मी मध्ये पडले. त्या बाबांना बाजूला घेऊन फाईल नंबर विचारला आणि मुलाला मदद पोर्टलवर तक्रार टाकायला सांगा म्हणून कागदावर लिहून दिलं.

माहेरच्या दारावर आम्ही दिवाळीत पत्र्याची पाटी ठोकली आहे. भावाचं नाव, पासपोर्टवर आहे तोच घर नंबर, आणि खाली माझा मोबाईल नंबर.