बाळ हातात आल्यावर झालेली फसवणूक: परदेशातून दत्तक घेणाऱ्यांनी जरूर वाचा

परदेशातून बाळ दत्तक घेताना फसवणुकीची भीती वाटते ती सुरुवातीला. संस्था खरी आहे का, फोटोतलं बाळ खरंच आहे का, पैसे भरल्यावर समोरचा माणूस फोन उचलेल का. हे सगळं आम्ही तपासलं होतं. एका देशातल्या संस्थेला दुसऱ्या देशात काम करायचं असेल, तर हेग दत्तक कराराच्या (परदेशातून दत्तक घेण्याचे नियम ठरवणारा आंतरराष्ट्रीय करार) 12व्या कलमानुसार दोन्ही देशांची परवानगी लागते. आमच्या संस्थेकडे ती होती. न्यायालयाचा निकालही खरा होता. आम्हाला लुबाडलं गेलं ते त्यानंतर, घरी परतायची तयारी चालू असताना. या टप्प्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. बाळ घेऊन सुखरूप घरी पोचलेले आईवडील गेलेल्या पैशांवर पाणी सोडतात आणि विषय बंद करतात. म्हणूनच मला हे लिहायचं आहे.

निकाल लागला म्हणजे लगेच निघता येतं असं नाही. बऱ्याच देशांत अपिलाची मुदत संपल्यावरच निकाल अंतिम होतो. मग दत्तक आईवडिलांची नावं घातलेला नवा जन्मदाखला, बाळाचा पासपोर्ट, दत्तक कराराप्रमाणेच झालं असं सांगणारं 23व्या कलमाखालचं प्रमाणपत्र, वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडून तपासणी आणि शेवटी व्हिसा. एक कागद अडला की पुढचे सगळे अडतात. हे सगळं आपल्याला वाचता न येणाऱ्या भाषेत, आणि कडेवर नुकतंच आपल्याला ओळखू लागलेलं बाळ. रात्री झोप नाही, रजा संपत आलेली, तिकिटाची तारीख तोंडावर.

संस्थेचा तिथला प्रतिनिधी अतिशय गोड बोलणारा होता. विमानतळावर घ्यायला आला, न्यायालयात दुभाषा म्हणून उभा राहिला, बाळाला कुठलं दूध पचतं तेही त्यानेच सांगितलं. निकालाच्या दिवशी तो म्हणाला, "मूळ कागद माझ्याकडे द्या, सगळीकडे मीच जमा करतो." आणि एकेक अडचण निघू लागली. बाळाला देशाबाहेर न्यायची परवानगी एका अधिकाऱ्याच्या टेबलावर अडकली आहे, रोख द्यावी लागेल. वैद्यकीय तपासणी जुनी झाली, पुन्हा करायला हवी. 23व्या कलमाचं प्रमाणपत्र लवकर हवं असेल तर वेगळी फी. आम्ही पावती मागितली की तो दुखावल्यासारखा चेहरा करायचा. "इथे अशीच पद्धत आहे. तुम्हाला बाळ घेऊन घरी जायचंय ना?" या वाक्यानंतर माणूस काय बोलणार? मुक्काम त्याच्याच ओळखीच्या अतिथिगृहात होता, तिथलं भाडंही रोज वाढत होतं.

मग त्याने आणखी एक मागणी केली. बाळाच्या जन्मदात्या आईला "थोडी मदत" म्हणून पाकीट द्या, ती गरीब आहे, तुमच्या मनाला बरं वाटेल. माझ्या नवऱ्याने तिथल्या तिथे नकार दिला. आईची संमती बाळाच्या जन्मानंतरच घ्यायची आणि ती पैसे देऊन मिळवलेली नसावी, असं कराराचं 4थं कलम सांगतं. संमती आधीच झालेली असली, तरी असं पाकीट तिच्यावर कायमची शंका आणतं. अतिथिगृहात उतरलेल्या दुसऱ्या एका जोडप्याने मात्र निव्वळ दयेपोटी पैसे दिले होते. ते त्या आईपर्यंत पोचले की नाही, हे त्यांना कधीच कळलं नाही.

या पाकिटाचं मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटतं. 2021 साली नेदरलँड्समध्ये सरकारने नेमलेल्या समितीने 1967 ते 1998 या काळातल्या आंतरदेशीय दत्तकांची चौकशी अहवालात मांडली. बांगलादेश, ब्राझील, कोलंबिया, इंडोनेशिया आणि श्रीलंका या देशांतून आलेल्या मुलांच्या बाबतीत खोटे कागद आणि मुलांची खरेदी-विक्री असे प्रकार आढळले. ती मुलं आता मोठी झाली आहेत. आपली आई शोधायला गेल्यावर कागदावरचं नावच खोटं निघतं, असं त्यांच्यातल्या अनेकांच्या वाट्याला आलं. आपल्या लेकराच्या फायलीत उद्या असं काही सापडावं, असं कुठल्या आईला वाटेल?

आमची फसवणूक उघडी पडली ती वकिलातीत, व्हिसाच्या खिडकीवर. प्रतिनिधीने आणून दिलेलं प्रमाणपत्र दिसायला अगदी चोख होतं, शिक्का, सही, सगळं. तिथल्या बाईंनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "17व्या कलमाची संमती कुणी दिली आणि कधी, ती जागा रिकामी का आहे?" दोन्ही देशांची केंद्रीय प्राधिकरणं, म्हणजे या करारासाठी त्या त्या देशाने नेमलेली सरकारी कार्यालयं, दत्तकाची प्रक्रिया पुढे न्यायला आपापली संमती देतात आणि तिचा तपशील 23व्या कलमाच्या प्रमाणपत्रात असावाच लागतो. शिवाय प्रमाणपत्राची तारीख निकाल अंतिम होण्याच्या आधीची होती. बाईंनी तिथल्या केंद्रीय प्राधिकरणाला फोन लावला. आमच्या बाळाच्या नावाने असं प्रमाणपत्र दिलेलंच नव्हतं. इतकंच काय, त्यासाठी अर्जच आलेला नव्हता.

आम्ही स्वतःचा दुभाषा शोधला आणि बाळाला घेऊन थेट प्राधिकरणाच्या कार्यालयात गेलो. खिडकीशेजारी भिंतीवर दरपत्रक लावलेलं होतं. प्रमाणपत्राची फी ठरलेली आणि किरकोळ होती, छापील पावती मिळत होती. तातडीची फी असा प्रकारच नव्हता. तिथल्या अधिकाऱ्याने जे सांगितलं ते मी नंतर करारात स्वतः वाचलं. 18व्या कलमानुसार बाळाला मूळ देशाबाहेर जायची आणि नव्या देशात कायम राहायची परवानगी मिळावी म्हणून आवश्यक ती सगळी पावलं उचलणं ही दोन्ही देशांच्या केंद्रीय प्राधिकरणांचीच जबाबदारी आहे. आणि 32व्या कलमानुसार खर्च आणि वाजवी व्यावसायिक शुल्क यापलीकडे कुणालाही काही घेता येत नाही.

मूळ कागद परत मिळवायला मात्र घाम फुटला. प्रतिनिधी फोन उचलेना. वकिलातीतून संस्थेच्या मुख्य कार्यालयाला पत्र गेलं, तेव्हा कुठे अतिथिगृहाच्या दारात एका अनोळखी मुलाने कागदांचं पाकीट आणून दिलं. जन्मदाखल्यावरचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून सरकार जोडतं ते प्रमाणपत्र, तेही आम्ही मग तपासून घेतलं. अनेक देशांत अपोस्टिलचा क्रमांक ऑनलाइन नोंदवहीत घालून पाहता येतो. आमचं खरं निघालं. पण अपोस्टिल फक्त सही आणि शिक्का खरा असल्याचं सांगतं, आतला मजकूर खरा असल्याचं नाही. हे प्रतिनिधीने आम्हाला नेमकं उलटं सांगितलं होतं.

तुम्ही निघणार असाल तर निकालाच्या आणि जन्मदाखल्याच्या जादा साक्षांकित प्रती न्यायालयाकडून स्वतः घ्या आणि मूळ कागद कुणाच्याही हाती ठेवू नका. हा करार ज्या आंतरराष्ट्रीय संस्थेत तयार झाला त्या हेग परिषदेच्या संकेतस्थळावर करारातल्या प्रत्येक देशाच्या केंद्रीय प्राधिकरणाचा पत्ता आणि फोन आहे. तो निघण्यापूर्वीच लिहून घ्या आणि कुणी "अडकलंय" म्हटलं की आधी तिथे विचारा. तिथे जाताना संस्थेचा दुभाषा नेऊ नका. परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असंच काढा. आमच्या तिकिटाची तारीख त्या माणसाला पाठ होती, आणि प्रत्येक मागणी त्या तारखेच्या हिशेबानेच यायची.

आम्ही दोन्ही देशांच्या प्राधिकरणांकडे तक्रार केली आहे. संस्थेचं म्हणणं असं की तो माणूस आमचा नोकर नव्हे, बाहेरून नेमलेला होता. दिलेले पैसे अजून परत आलेले नाहीत. पावत्या नसल्यामुळे पुरावा काय द्यायचा हा प्रश्न होता, पण त्याने रकमा आणि कारणं लिहून पाठवलेले मेसेज प्राधिकरणाने तक्रारीसोबत दाखल करून घेतले. तुमच्याकडून कुणी असेच पैसे घेतले असतील, तर ते मेसेज पुसू नका. तारखेसकट त्यांची प्रत काढा आणि बाळ घरी पोचलं असलं तरी तक्रार करा.