गावातले एकमजली घर: पट्ट्यांच्या भिंती की कॉलमचा सांगाडा?

विदर्भातल्या खेड्यात जुने मातीचे घर पाडून दोन-तीन खोल्यांचे पक्के घर बांधायचे ठरले की छताचा भार विटांच्या भिंतींवर टाकायचा, की कॉलम-बीम उभारायचे, हा प्रश्न येतो. भूकंपाचा विचार सहसा होत नाही, कारण भूकंपविषयक भारतीय मानकाच्या 2016 च्या नकाशात विदर्भाचा बहुतेक भाग सर्वांत कमी धोक्याच्या विभागात आहे. मात्र 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे हादरलेले किल्लारीही तेव्हाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्याच विभागात होते, आणि तिथले हजारो बळी मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती व धाब्याची जड छते कोसळल्यामुळे गेले.

जमीन हलते तेव्हा घरावर येणारा आडवा जोर घराच्या वजनाबरोबर वाढतो आणि एकमेकींशी न बांधलेल्या भिंती कोपऱ्यात फाटतात. म्हणून भिंतींच्या घरात जोत्यावर आणि दारा-खिडक्यांच्या माथ्यावर काँक्रीटचा सलग पट्टा हवा; कवेलू किंवा टिनाचे छप्पर असल्यास भिंतीच्या माथ्यावरही हवा. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव जशी आवळून धरते, तसा हा पट्टा भिंतींना धरतो. किमान 75 मिलिमीटर जाडी आणि कोपऱ्यातही न तुटणाऱ्या दोन सळया एवढी त्याची गरज असते. फक्त खिडकीपुरते लिंटेल (वरची आडवी तुळई) टाकले तर हा उपयोग होत नाही. काळ्या मातीच्या फुगण्या-आकसण्याने भिंतींना पडणाऱ्या भेगा रोखायलाही जोत्याचा पट्टा मदत करतो.

कॉलमचे घर नीट बांधले तर अधिक सुरक्षित असते, पण त्यात चुकीला जागा फार कमी आहे. कॉलमच्या उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगांची टोके 135 अंशांत आत वळवलेली नसली, तर मोठ्या हादऱ्यात रिंगा उघडतात आणि उभ्या सळया बाहेर वाकतात. आपल्याकडे बांधकाम बहुधा उन्हाळ्यात चालते आणि काँक्रीटचे भारतीय मानक अशा उष्ण, कोरड्या हवेत किमान दहा दिवस काँक्रीट ओले ठेवायला सांगते. पाणीटंचाईच्या गावात उभ्या कॉलमला गोणपाट गुंडाळून एवढे दिवस पाणी कोण घालणार, हे आधी ठरवावे लागते.

माझ्या मते घर कायम एकमजली राहणार असेल, तर पट्ट्यांच्या भिंती निवडाव्यात. पुढे मजला चढवायचाच असेल, तर कॉलम घ्यावेत, पण अभियंत्याचा नकाशा हाती असल्याशिवाय पायाही खोदू नये. दोन्ही घरांत दार-खिडकी कोपऱ्यापासून किमान दीड फूट दूर ठेवावी. त्याला वेगळा खर्च लागत नाही.